ड्यूकची बायको आणि चोळीबांगडी

प्रश्न असा आला आहे: "कॉन्सुएलो व्हँडरबिल्टवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात डावेजर डचेस आणि नवी डचेस यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग आहे. मी लिहिलंय, 'विधवा सरदारिणीने नव्या राणीला भेटीस बोलावले.' वाक्य खटकतंय, पण नेमकं काय खटकतंय ते सापडत नाही. डचेसला नीट बसणारा मराठी शब्द आहे का?"

तुमचा कान बरोबर आहे. (कॉन्सुएलो म्हणजे लग्नाने मार्लबरोच्या ड्यूकची डचेस झालेली अमेरिकन मुलगी. डचेस म्हणजे ड्यूकची बायको, आणि डावेजर म्हणजे आधीच्या ड्यूकची मागे राहिलेली बायको.) विधवा, सरदारीण आणि राणी हे तिन्ही शब्द तिथे अडखळतात, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

राणी आधी बाजूला काढू, ते सोपं आहे. ९ ऑगस्ट १९०२ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक झाला. राणी अलेक्झांड्राला पवित्र तेलाचा अभिषेक होत असताना तिच्या डोक्यावर छत्र धरायचं होतं. ते धरायला चौघीजणी निवडल्या होत्या: मार्लबरो, मॉन्ट्रोज, पोर्टलंड आणि सदरलंड या घराण्यांच्या डचेस. मार्लबरोची डचेस म्हणजे तुमची कॉन्सुएलोच. छत्राखाली बसलेली राणी, छत्राची दांडी धरलेली डचेस. इतकं स्वच्छ चित्र समोर असताना डचेसला राणी म्हणणं बरं नाही.

काही डचेस राजघराण्यातल्या असत, हे खरं. व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६ ते १८९० मुंबई इलाख्याच्या लष्कराचा सरसेनापती होता. पुण्याच्या कॅनॉट रोडवरून आपल्याला हे नाव ठाऊक असतं. त्याच्या बायकोला 'युअर रॉयल हायनेस' म्हणत, पण ते ती राजपुत्राची बायको म्हणून. साध्या ड्यूकच्या बायकोला 'युअर ग्रेस'. हा फरक भाषांतरात फार वेळा पुसला जातो.

आता सरदारीण. हा शब्द मला आवडतो, पण तो फार ढगळ आहे. ब्रिटिश उमरावांत पाच पायऱ्या: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. सरदार म्हटलं की पाचही त्यात मावतात आणि सगळ्यात वरच्या पायरीचा तोरा नाहीसा होतो. तो तोरा बोलण्यातही होता. खालच्या चारही पायऱ्यांवरच्या बायकांना समोरासमोर 'लेडी अमुक' म्हटलेलं चाले. डचेसला नाही. म्हणून 'लेडी मार्लबरो' असं कुठे लिहिलं असेल तर तेही खोडा. शिवाय आजच्या तरुण वाचकाला सरदारीण म्हटल्यावर पंजाबी बाई आठवण्याचा धोका आहे, तो वेगळाच.

पण सरदारीणमधला शेवटचा '-ईण' मात्र सोडू नका. निदान डोक्यात ठेवा, कारण डचेस म्हणजे काय हे तोच सगळ्यात चांगलं सांगतो. पाटलीण, देशमुखीण, इनामदारीण. पाटलीणबाई पाटीलकी करत नाहीत, त्या पाटलाच्या बायको असतात, आणि तरी गावात त्यांचा मान स्वतंत्र असतो. डचेसचं अगदी तेच. पदवी नवऱ्याची, मान तिचा. मात्र 'मास्तरीणबाई' म्हटल्यावर मास्तरांची बायको की स्वतः शिकवणारी, असा घोळ मराठीत होतो, तो इंग्रजीतही आहे. स्वतःच्या हक्काने डचेस झालेल्या बायका त्या काळात विरळा. मला चटकन आठवतात त्या दोघी. सेसिलियाचं राजपुत्र ऑगस्टसशी, म्हणजे ड्यूक ऑफ ससेक्सशी झालेलं लग्न राजघराण्याच्या विवाहकायद्यात बसत नव्हतं, त्यामुळे तिला डचेस ऑफ ससेक्स म्हणवून घेता येईना. तेव्हा १८४० मध्ये व्हिक्टोरियाने तिला डचेस ऑफ इन्व्हर्नेस हा वेगळाच किताब दिला. दुसरी सातव्या एडवर्डची नात अलेक्झांड्रा, १९१२ मध्ये वडिलांमागून डचेस ऑफ फाइफ झालेली. बाकीच्या सगळ्या पाटलीणबाईच.

(या नियमाने ड्यूकची ड्युकीण करायला हवी, पण ते मोठ्याने म्हणून बघा. डुकरीण फार जवळ आहे. नको.)

'विधवा' हा शब्द मात्र तुमच्या वाक्यात नुसता अडखळत नाही, दिशाभूलही करतो. त्यासाठी कॉन्सुएलोच्याच सासरी डोकवू. ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचं नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोशी लग्न झालं. वय अठरा, आणि सोबत २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. ती नवी डचेस झाली तेव्हा डचेस ऑफ मार्लबरो म्हणवणाऱ्या किती बायका हयात होत्या? तीन. पहिली, नवऱ्याची आजी फ्रान्सिस, सातव्या ड्यूकची विधवा. ही डावेजर. दुसरी, आठव्या ड्यूकची दुसरी बायको लिली, हीसुद्धा अमेरिकन. आठवा ड्यूक १८९२ मध्ये गेला, आणि लिलीने १८९५ च्या एप्रिलमध्ये लॉर्ड विल्यम बेरेसफर्डशी लग्नही केलं, तरी रिवाजाने लोक तिला 'लिली, डचेस ऑफ मार्लबरो' म्हणत राहिले. तिसरी कॉन्सुएलो. आणि नवऱ्याची सख्खी आई? ती या तिघींत नव्हतीच. आठव्या ड्यूकशी तिचा १८८३ मध्ये घटस्फोट झाला होता आणि ती लेडी ब्लँडफर्ड या आधीच्या नावानेच राहिली. म्हणजे सासू लेडी, सावत्र सासू डचेस, आजेसासू डावेजर डचेस. यातल्या लिलीला विधवा म्हणाल तर बेरेसफर्डसाहेब हरकत घेतील.

'लिली, डचेस ऑफ मार्लबरो' यातला स्वल्पविराम बघा. सगळं काम तो करतो. चालू डचेसला स्वतःचं नाव लागत नाही, ती नुसती 'द डचेस ऑफ मार्लबरो'. आधीचं माणूस मागे पडलं की तिच्या पदवीपुढे पाळण्यातलं नाव येऊन चिकटतं. आपल्याकडे पत्राच्या मायन्यातच सौ. की गं. भा. हे कळायचं, आणि मोठ्या घरी वज्रचूडेमंडित वगैरे लिहायची पद्धत होती. ते नवरा आहे की नाही हे सांगायचं. इंग्रजांचा स्वल्पविराम सांगतो ते घराची सूत्रं कोणाकडे आहेत हे.

डावेजरच्या मुळाशी आहे 'डाउअर', म्हणजे नवऱ्याच्या मिळकतीतून विधवेच्या निर्वाहासाठी राखलेला हिस्सा. याला आपल्या जुन्या कागदांत इतका नेमका शब्द आहे की हेवा वाटावा: चोळीबांगडी. अमुक गाव बाईसाहेबांच्या चोळीबांगडीकडे लावून दिला, असं लिहीत. बायकोच्या खर्चासाठीही आणि मागे राहिलेल्या बाईच्या पोटासाठीही. डावेजर म्हणजे अर्थाने चोळीबांगडीची मालकीण. तिने मोठा वाडा सोडून शेजारच्या लहान घरात जायचं, त्या घरालाही डाउअर हाउसच म्हणतात. लेखात त्या घराचा उल्लेख आला तर मी बेधडक 'चोळीबांगडीचं घर' लिहीन. संपादक कापेल, पण लिहीन.

मूळ ड्यूक शब्द लॅटिन 'डुक्स'चा, म्हणजे पुढारी, सेनानायक. त्याच कुळातला 'डुकाटुस' म्हणजे ड्यूकचा मुलूख. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर, डुकाटवर, संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला प्रमुख असतो आणि मागल्या बाजूच्या लॅटिन मजकुरात हा डुकाटुस शब्द. ही नाणी व्यापारातून आपल्याकडे आली, त्यावरच्या आकृत्यांमुळे पुतळी झाली आणि पुतळ्यांच्या माळेत जाऊन बसली. आजीची पुतळ्यांची माळ भिंगाखाली धरा. हल्लीच्या पुतळ्यांवर अक्षरं घासून नक्षी झालेली असतात, पण डचेसचं आणि तिचं नातं तिथे आहे.

गावाच्या नावांनीही फसू नका. मार्लबरो हे गाव विल्टशरमध्ये आहे, आणि कॉन्सुएलो राहायची ऑक्सफर्डशरमध्ये वुडस्टॉकजवळच्या ब्लेनिममध्ये. डेव्हनशरचे ड्यूक राहतात डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला. त्यामुळे 'मार्लबरोची मालकीण' वगैरे लिहाल तर गाव चुकेल. सही मात्र गावाच्याच नावाने: 'कॉन्सुएलो मार्लबरो'. घराण्याचं आडनाव स्पेन्सर-चर्चिल, ते सहीत नाही. आपल्याकडे भोसले असून सातारकर म्हणवून घेतात, त्यातला प्रकार.

डचेस-डचेसमधला मानपान तर आपल्या लग्नाच्या पंगतीला लाजवेल. किताब कोणत्या साली निर्माण झाला त्यावर पाट ठरतो. हॅनोव्हरमध्ये जन्मलेली लुईझे फॉन आल्टेन आधी मँचेस्टरची डचेस होती, तो किताब १७१९ चा. नवरा १८९० मध्ये वारला, आणि १८९२ मध्ये तिने डेव्हनशरच्या ड्यूकशी लग्न केलं. त्याचा किताब १६९४ चा. साठीत पाऊल टाकताना बाई मानाच्या ओळीत पुढे सरकल्या! लोक तिला 'डबल डचेस' म्हणत. १८९७ च्या जुलैत व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवानिमित्त तिने लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये दिलेला वेषांतराचा समारंभ आजही त्या काळाचा नमुना म्हणून सांगतात. ती स्वतः पाल्मिराची राणी झेनोबिया होऊन आली होती. डचेसने राणी व्हायचं ते असं, एका रात्रीपुरतं.

राहिलं 'युअर ग्रेस'. याला 'कृपावंत' वगैरे करू नका. प्रसंग पाहून 'बाईसाहेब' किंवा 'सरकार'. कॉन्सुएलोने आठवणींत एक किस्सा सांगितला आहे. ब्लेनिममध्ये नवी असताना तिने घंटा वाजवून बटलरला शेकोटी पेटवायला सांगितलं. तो अदबीने वाकला आणि म्हणाला, "फुटमनला पाठवतो, युअर ग्रेस." काडी ओढणं हे बटलरच्या कामात बसत नव्हतं. ती घाईने म्हणाली, राहू द्या, मीच पेटवते. इथे 'बाईसाहेब' लिहून बघा: "माणूस पाठवतो, बाईसाहेब." बटलरचा सगळा ताठा त्या एका संबोधनात उतरतो.

त्याच घरात दुपारच्या जेवणातलं उरलेलं अन्न डब्यांत भरून गावातल्या गरिबांना द्यायची रीत होती. पण मांस, भाज्या, गोड, सगळं एकाच डब्यात कोंबलेलं. कॉन्सुएलोने ते वेगवेगळ्या डब्यांत भरायला सुरुवात केली. दिवसातून चार वेळा पोशाख बदलणारी ही बाई माझ्या लक्षात राहिली ती या डब्यांमुळे. तुमच्या लेखात हा प्रसंग नसेल तर टीप म्हणून घाला.

म्हणून माझं मत: शब्द डचेसच ठेवा. अनेकवचनी 'डचेसेस' नको, 'तीन डचेस' छान चालतं आणि आदरार्थी क्रियापद आपोआप मदतीला येतं: डचेस आल्या. डावेजरसाठी 'थोरल्या डचेस'. यावर तुम्ही म्हणाल, थोरली-धाकटी म्हटलं की सवती डोळ्यांपुढे येतात. शंका रास्त आहे. पण इंग्रजीत इतका सुटसुटीत नसलेला एक शब्द आपल्याकडे आहे, तो वापरला की शंका मिटते.

ती भेट १८९६ मधली, लंडनची. डोक्यावर लेसची टोपी घातलेली, हातात कानाला लावायचा कर्णा धरलेली फ्रान्सिस आणि समोर कोवळी पोर. कॉन्सुएलोच्या सांगण्यानुसार म्हातारीने सरळ बजावलं की तुझं पहिलं काम मुलगा होणं, कारण तो उपटसुंभ विन्स्टन ड्यूक झालेला मला सोसायचा नाही. हा विन्स्टन म्हणजे चर्चिलच, नव्या ड्यूकचा चुलतभाऊ आणि तोवरचा वारस. म्हातारीचा तो सख्खा नातू. त्याच १८९६ साली तो पलटणीबरोबर मुंबईला आला आणि ससून डॉकवर उतरताना खांदा निखळवून बसला. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात कॉन्सुएलोला मुलगा झाला.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "थोरल्या डचेसनी नातसुनेला भेटायला बोलावून घेतलं."