लोखंडी टोप भिंतीवर राहू दे

देवळाली कॅम्प,
९ जानेवारी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो मिळाला. आजोबांची विलीज जीप, पुढची काच बॉनेटवर पाडलेली आणि तुझ्या डोक्यावर जुन्या बाजारातून आणलेला तो ताटलीसारखा ब्रिटिश टोप. सव्वीस जानेवारीच्या रॅलीत हाच घालून चालवणार म्हणतेस. जीप तू जिवापाड मेहनतीने उभी केलीस. कार्ब्युरेटर स्वतः खोललास हे तुझ्या बाबांनी सांगितलं तेव्हा मला भरून आलं. पण त्या टोपाने रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून हे पत्र.

त्या टोपाची मूळ घडण १९१५ सालची. खंदकातल्या शिपायाच्या डोक्यावर वरून तोफगोळ्याचे तुकडे पडत, ते अडवायला तो केला. त्या कामाला कडक पोलादच हवं. गाडीत मात्र कुणी येऊन डोक्यावर आदळत नाही, आपलंच डोकं जाऊन आदळतं. कवटी जागच्या जागी थांबते आणि आतला मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. तिथे दबणारं, चुरगळणारं काहीतरी हवं. मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये थर्मोकोलचा जाड थर असतो तो त्यासाठीच. तो स्वतः चुरगळतो आणि धक्का खाऊन टाकतो. तुझ्या टोपात असं काही नाही.

हे लष्करालाही उशिराच कळलं. १९३५च्या मे महिन्यात, अरबस्तानातल्या लढायांमुळे गाजलेला लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढे युद्ध सुरू झालं, निरोप पोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार अंधाऱ्या रस्त्यांवर मरू लागले. केर्न्सनी १९४१ साली त्यावर लेख लिहिला. हेल्मेट असताना जखमी झालेले त्यांना सातच सापडले, आणि त्यांतला एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. तोवर पोलादी टोप लाखोंनी होते, पण रस्त्यासाठी वेगळं शिरस्त्राण काढावं लागलं. तुला अस्सल जुनं लष्करी हवं असेल, तर हेही लष्करीच आहे.

तू म्हणशील, काका, ही मोटारसायकलची गोष्ट झाली. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९सुद्धा दुचाकीसाठीच आहे. खरंय. पण तुझ्या जीपला दार नाही, छप्पर म्हणजे ताडपत्री, मूळची सीटबेल्ट नाही. वजन अकराशे किलोच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ऐंशी इंच. ब्रेक चारही ड्रमचे, एखादा ओला झाला की गाडी एका बाजूला ओढते. आणि चहूबाजूंनी डोक्याच्या उंचीवर लोखंड: समोर काचेची फ्रेम, वर हूडचे पाइप.

माझं डोकं फ्रेमवरच आपटलं. तुला कधी सांगितलं नाही. वीसेक वर्षं झाली. गिऱ्हाइकाची जीप तपासायला अंजनेरीच्या पायथ्याशी कच्च्या रस्त्यावर नेली होती. वेग सायकलचा. पावसाने कापलेल्या घळीत पुढचं चाक गेलं, जीप हळूच कुशीवर झाली, आणि फ्रेमच्या कोपऱ्यातला नट माझ्या कपाळात. सात टाके. काकू सांगते, मी रात्रभर एकच विचारत होतो, "गाडी कुणाची?" ती सांगायची, मी हं म्हणायचो आणि पुन्हा विचारायचो. ते दोन दिवस मला आजही आठवत नाहीत.

टाके भरले, पण वास गेला तो परत आलाच नाही. आंबेमोहोर शिजतोय की जळतोय, मला कळत नाही. पेट्रोलचा वास येत नाही. विलीजची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि गळतीचा पहिला निरोप नाकाला मिळतो. गॅरेजमध्ये मी दरवेळी पोऱ्याला बोलावून वाकून हुंगायला लावतो. पन्नास वर्षं गाड्यांत घालवलेल्या माणसाला हे किती लागतं, ते लिहून समजायचं नाही.

एकट्या हेल्मेटवर मात्र विसंबू नकोस. जीप पालथी झाली तर तिचं सगळं वजन अंगावर येतं, तिथे हेल्मेट काय करणार? आधी चॅसिसला बोल्टने बसवलेला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर तिचं वजन पेलणारी लोखंडी कमान, मग बेल्ट, मग हेल्मेट. तिन्ही मिळून एकच वस्तू समज. बार नसताना बेल्ट बांधलास तर उलटलेल्या गाडीखाली अडकशील. बार आहे आणि डोकं उघडं, तर तोच पाइप कानशिलात बसेल. मूळ जीपला बार नव्हता म्हणून नको, असं जुन्या गाड्यांचे दर्दी म्हणतील. प्रदर्शनाच्या दिवशी चार बोल्ट काढून बार बाजूला ठेव.

शहरात पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट मी सांगणार नाही. तुझं स्टेअरिंग डावीकडे आहे, ओव्हरटेक करताना मान पूर्ण वळवावी लागते, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत कानांचं कामही डोळ्यांइतकंच असतं. उघड्या तोंडाचं, पण कानशिलं झाकणारं घे. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा बघ. भुवयांच्या वर टेप लावून डोक्याचं माप घे. पट्टा बांधून मान जोरात हलवल्यावर ते कपाळावर सरकलं, तर दुसरं घे. एकदा जोरात आपटलेलं पुन्हा वापरायचं नाही, वरून चांगलं दिसलं तरी आतला थर दबलेला असतो. मागे बसणाऱ्यांसाठीही घे. मागच्या बाकावर धरायला काही नसतं.

संक्रांतीला येवल्याला मामाकडे जीपने जाणार आहेस असं कळलं. काच पाडून जाऊ नकोस. दुसऱ्या महायुद्धात इटली आणि फ्रान्समध्ये जर्मन सैनिक रस्त्यावर गळ्याच्या उंचीला तार ताणून ठेवत. काच पाडलेल्या जीपमधल्या माणसाचा गळा त्यात जाई. म्हणून पुढच्या बंपरवर उभा लोखंडी खांब जोडू लागले, तार त्यावर तुटायची. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आभाळ पतंगांनी भरलेलं असतं. बंदी असूनही नायलॉनचा मांजा सापडतोच, आणि गळ्यापुढे हेल्मेट येत नाही. काच उभी कर, दोन्ही बाजूंच्या खटक्या घट्ट लाव.

टोप टाकून देऊ नकोस. आजोबांच्या फोटोशेजारी भिंतीवर टांग, तिथे तो शोभेल.

रविवारी सकाळी जीप घेऊन ये. बारचं माप घेऊ, तुझ्या डोक्याचंही घेऊ. सीट उचलून टाकीचे जोड तू स्वतः हुंगून बघ. मला कळणार नाही.

तुझा,
काका