नोटीस पिरियड न भरता जर्मनीला निघू का? शिरोलीच्या भावाला उत्तर

भावा, तू विचारलंयस की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातू वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात) चार वर्षं क्वालिटीत काढली, आता जर्मनीची ऑफर हातात आहे, तर दोन महिन्यांची नोटीस न भरता निघालं तर काय बिघडतंय? "परत तोंड कुणाला दाखवायचंय?" हे तुझेच शब्द.

नोटीस भर. पगार कापतील, कोर्टात जातील, ते तुझं तू बघ. मी दुसऱ्याच कारणानं सांगतोय.

मी कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावातनं इकडं जर्मनीत आलो त्याला नऊ वर्षं झाली. इथं नोकरी सोडताना लेखी 'त्सॉयग्निस', म्हणजे कामाचा दाखला, मागायचा कामगाराला कायद्यानं हक्क आहे, आणि त्याची भाषा ठरलेली असते. 'समाधानकारक काम'च्या आधी 'नेहमीच' हा शब्द आला की श्रेणी एकानं वर जाते. आणि आपल्याकडचं अनुभवाचं पत्र? 'अमुक ते तमुक तारखेपर्यंत काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' संपलं. इथं दुसऱ्या नोकरीच्या वेळी मला विचारलं, तुम्ही तिथं नेमकं काय करत होता? तोवर गोकुळ शिरगावची जुनी कंपनी विकली गेली होती. तिथल्या अकाउंट्समधला एकजण, ज्याच्यासोबत पाच वर्षं डबा खाल्ला, त्यानं दोन दिवसांत आमच्या जुन्या साहेबांचा नंबर काढला. साहेब कागलच्या कारखान्यात होते. त्यांनी माझ्या कामाचं दोन पानी पत्र लिहून दिलं. मी नोटीस न भरता पळालो असतो तर त्यांनी फोन तरी उचलला असता का?

दुसरी गोष्ट तर अजून भारी. इथं एका उन्हाळ्यात कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूनं पडणारी भोकं, यायला लागले. सगळे वितळलेल्या धातूवर संशय घेत होते. मी रविवारी सहज जुन्या कंपनीतल्या कोअर शॉपच्या (कास्टिंगमधली पोकळी राखायला साच्यात ठेवतात ते वाळूचे कोअर बनवतात तिथल्या) मिस्त्रींना फोन केला, गप्पांत विषय निघाला. ते म्हणाले, "सोमवारीच वाढतंय का बघ." बघितलं तर खरंच. शनिवार-रविवार उघड्यावर राहिलेले कोअर दमट हवेत ओल धरत होते. आपल्याकडं पावसाळ्यात हे पोरंसुद्धा ओळखतात. (ड्रॉइंग किंवा गिऱ्हाइकाचं नाव मात्र तोंडातनं काढायचं नाही, इकडचं नाही नि तिकडचंही नाही.)

इथल्या सहकाऱ्यांबद्दल थोडं. दुपारी जेवायच्या वेळी समोरचा 'मालत्साइट' म्हणतो (जेवणाच्या वेळचा नमस्कारच), तूही म्हण. सुट्टी झाल्यावर कामासाठी फोन करायचा नाही. वाढदिवस तुझा असेल तर केक तूच न्यायचास. मी पहिल्या वर्षी दिवसभर वाट बघत बसलो, कुणी काही आणलं नाही, घरी येऊन तोंड पाडून बसलो. पुढच्या वर्षी केक नेला, सोबत भडंगही. भडंग आधी संपली, पाणीही संपलं. मैत्री सावकाश होते. पण एकदा झाली की माणूस तुझ्या घराचं सामान हलवायला स्वतःची गाडी घेऊन येतो.

आणि एक लक्षात ठेव: इथं प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं, त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवता येते. तशी वेळ आलीच तर पहिला फोन शिरोलीलाच लावशील.

म्हणून या दोन महिन्यांत तुझ्या जागी येणाऱ्याला नीट शिकव. कुठल्या पार्टला कुठं चीर पडते ते वहीत लिहून दे, डोक्यात घेऊन जाऊ नकोस. कंपनीचा ईमेल बंद होणार, तेव्हा लोकांचे घरचे नंबर घे. 'लिंक्डइनवर आहेच की' म्हणू नकोस, मोल्डिंगचे मिस्त्री लिंक्डइनवर नसतात. दिवाळीला फोन कर, काही काम नसताना.

जाताना पार्टी देणार असशील तर तांबडा-पांढराच दे. फक्त वार बघून ठरव, सोमवारी-गुरुवारी निम्मी शिफ्ट जेवायची नाही.