‘तेव्हा’ आणि ‘आता’ एका वाक्यात : इंग्रजीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘पूर्वी मी चालत जात असे, आता सायकलने जातो’ हे वाक्य मी इंग्रजीत ‘बिफोर आय वॉज गोइंग ऑन फूट, नाउ आय ॲम गोइंग बाय सायकल’ असे लिहिले. ‘अर्थ कळतो, पण हे इंग्रजी नव्हे’ असा शेरा मिळाला. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर : शेरा कठोर असला तरी योग्य आहे. दोन काळांतला विरोध दाखवायचा असेल, तर कालवाचक शब्द आणि क्रियापदाचे रूप यांनी एकमेकांना धरून चालावे लागते. तुमच्या वाक्यात दोन्ही भागांत ती फारकत झाली आहे.

सुरुवात ‘बिफोर’पासून करू. मराठीत ‘पूर्वी’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो. ‘बिफोर’ वाक्याच्या आरंभी आला, की वाचणारा त्याला पुढच्या शब्दांशी जोडतो आणि ‘मी चालत जात होतो त्याआधी’ असा अर्थ घेऊन, त्याआधी काय घडले याची वाट पाहत बसतो. म्हणून तेथे ‘इन द पास्ट’ किंवा ‘अर्लिअर’ लिहावे. किंवा खरे तर काहीच लिहू नये, कारण पूर्वीपणाचा अर्थ क्रियापदच वाहून नेऊ शकते. ते क्रियापद म्हणजे ‘यूज्ड टू’.

येथे मराठी व्याकरण तुमच्या मदतीला येते. ‘मी जात होतो’ आणि ‘मी जात असे’ यांत आपण फरक करतो : पहिला अपूर्ण भूतकाळ, दुसरा रीतिभूतकाळ. ‘वॉज गोइंग’ हे ‘जात होतो’चे रूप आहे, म्हणजे एखाद्या विशिष्ट क्षणी चालू असलेली क्रिया. ‘जात असे’, किंवा बोलण्यातले ‘जायचो’, यासाठी ‘यूज्ड टू गो’ हवे. उत्तरार्धातही हाच घोटाळा आहे. ‘आय ॲम गोइंग बाय सायकल’ म्हटल्यावर ही तात्पुरती व्यवस्था असावी, असा समज होतो. कायमच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरेसा आहे. म्हणून वाक्य असे होईल : ‘आय यूज्ड टू गो ऑन फूट, बट नाउ आय गो बाय सायकल.’ ‘नाउ’ऐवजी ‘दीज डेज’ किंवा ‘नाउअडेज’ चालेल. ‘नाउअडेज’मधला शेवटचा ‘स’ आणि मधला ‘अ’ लिहिताना हमखास गळतो, तेवढे सांभाळावे.

‘यूज्ड टू’ला काही मर्यादा आहेत. किती वर्षे किंवा किती वेळा हे सांगायचे असेल, तर ते वापरत नाहीत. ‘आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे चूक. ‘आय लिव्हड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे बरोबर, कारण मोजलेला काळ ही सवय राहत नाही, ती पूर्ण झालेली घटना ठरते. पुन्हापुन्हा घडणाऱ्या कृतीसाठी ‘वुड’ही चालते, पण स्थितीसाठी नाही. ‘त्याला पूर्वी दाढी असे’ हे ‘ही यूज्ड टू हॅव अ बिअर्ड’ असेच म्हणावे लागेल. आणि ‘आय ॲम यूज्ड टू’ हा प्रयोग वेगळाच आहे : त्याचा अर्थ ‘मला सवय झाली आहे’ असा होतो, आणि पुढे क्रियापद आले तर ते ‘आयएनजी’ लावून येते.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब शब्दांच्या जागेची आहे. मराठीत काळाचा उल्लेख बहुधा वाक्याच्या आरंभीच येतो आणि त्यात कोणताही आग्रह नसतो. इंग्रजीत त्याची नेहमीची जागा वाक्याच्या शेवटी असते. तो आरंभी आणला, की वाचणारा मनात नोंद करतो की आता याच्या उलट काहीतरी येणार. ‘आय वर्क ॲट होम इन द मॉर्निंग’ ही नुसती माहिती झाली. ‘इन द मॉर्निंग आय वर्क ॲट होम, इन द आफ्टरनून आय टीच’ यात विरोध आपोआप उभा राहतो, आणि मध्ये ‘बट’ घालण्याचीही गरज उरत नाही. मात्र दोन्ही कालवाचक शब्द एकाच जागी हवेत. एक आरंभी आणि दुसरा शेवटी टाकला, तर जोडी फुटते. आपल्याकडचे लेखक प्रत्येकच वाक्य काळाने सुरू करतात, आणि मग खरोखर विरोध दाखवण्याची वेळ आली की हे साधन बोथट झालेले असते. त्याची भरपाई म्हणून ‘व्हेअरॲज’ येते. ‘व्हेअरॲज’ चुकीचे नाही, पण दोन ओळींच्या साध्या वाक्यात ते न्यायालयातून आल्यासारखे वाटते.

प्रश्न : ‘तुम्ही येत नाही तोपर्यंत मी थांबेन’ याचे भाषांतर ‘आय विल वेट अन्टिल यू डोन्ट कम’ असे केले तर ते चूक का मानतात? शिवाय ‘पर्यंत’साठी ‘बाय’ केव्हा आणि ‘अन्टिल’ केव्हा वापरावे?

उत्तर : मराठीत ‘तुम्ही येत नाही तोपर्यंत’ आणि ‘तुम्ही येईपर्यंत’ या दोन्ही रचना एकाच अर्थाच्या आहेत. इंग्रजी फक्त दुसऱ्या रचनेसारखे चालते. ‘अन्टिल’मध्येच मर्यादा सांगितलेली असल्याने पुन्हा नकार लावला, तर अर्थ उलटतो. तेव्हा भाषांतरापूर्वी मनात वाक्य ‘येईपर्यंत’ असे वळवून घ्यावे आणि मग ‘आय विल वेट अन्टिल यू कम’ असे लिहावे. क्रिया भविष्यातली असली तरी ‘अन्टिल’नंतर ‘विल’ येत नाही.

‘बाय’ आणि ‘अन्टिल’ यांतला भेद एका पुस्तकावरून स्पष्ट होईल. ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक ठेवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक परत करा’ या दोन्ही सूचनांत ‘पर्यंत’ तोच आहे, पण क्रियेचा स्वभाव निराळा आहे. ठेवणे हे शुक्रवार उजाडेतो सलग चालू राहते, म्हणून ‘कीप द बुक अन्टिल फ्रायडे’. परत करणे एकदाच घडते आणि शुक्रवार ही त्याची मुदत असते, म्हणून ‘रिटर्न द बुक बाय फ्रायडे’. ‘रिटर्न द बुक अन्टिल फ्रायडे’ म्हटले, तर ते पुस्तक शुक्रवार येईतो पुन्हापुन्हा परत करत राहावे असे चित्र उभे राहते.

नकारार्थी वाक्यांत खरी गंमत आहे. ‘द रिझल्ट विल नॉट बी आउट बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या मुदतीत निकाल लागणार नाही. मग केव्हा लागेल, याबद्दल वाक्य मौन बाळगते. ‘द रिझल्ट विल नॉट बी आउट अन्टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी नाही, पण शुक्रवारी लागेल. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘शुक्रवारपर्यंत निकाल लागणार नाही’ हे एकच वाक्य आपण सहज बोलून जातो. सूचनाफलक किंवा कार्यालयीन पत्र लिहिणाऱ्याने येथे जरा थांबून विचार करावा, कारण एका शब्दाच्या फरकाने वाचणारा शुक्रवारी येईल किंवा येणार नाही.

प्रश्न : ‘दोन वर्षांपूर्वी’साठी ‘बिफोर टू इयर्स’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : नाही. आजच्या क्षणापासून मागे मोजायचे असेल, तर ‘टू इयर्स अगो’. भूतकाळातल्या एखाद्या घटनेपासून आणखी मागे मोजायचे असेल, तर ‘टू इयर्स बिफोर’; आकडा दोन्ही वेळा आधीच येतो. ‘आय मेट हर टू इयर्स अगो, बट आय हॅड रेड हर लेटर्स लाँग बिफोर दॅट’ या वाक्यात दोन्ही मोजण्या शेजारी दिसतात : भेट आजपासून मोजली आहे, पत्रे भेटीपासून, आणि ‘हॅड रेड’ हे रूप त्यांचा आधीपणा दाखवते. ‘अगो’बरोबर ‘हॅव मेट’ मात्र लिहू नये, तेथे साधा भूतकाळच हवा.

प्रश्न : ‘ॲट फर्स्ट’ आणि ‘फर्स्ट’ एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

उत्तर : येत नाहीत. ‘फर्स्ट’ क्रम सांगते : आधी हे करा, मग ते. ‘ॲट फर्स्ट’ म्हटले, की पुढे परिस्थिती बदलली असे सुचवले जाते, म्हणून त्याच्या मागोमाग ‘बट लेटर’ किंवा ‘इन द एंड’ यावे अशी अपेक्षा निर्माण होते. ‘ॲट फर्स्ट आय डिड नॉट लाइक द जॉब’ एवढ्यावर परिच्छेद संपवला, तरी आता ते काम आवडू लागले असणार, असे वाचणारा गृहीत धरतो. तसे झालेच नसेल, तर हा शब्दप्रयोग टाळावा.