कावळ्याची पोळी

इंदूरहून एका आईचं पत्र : कचरा गाडीत वेगळ्या कप्प्यात टाकायला पॅडची पुडी बांधून ठेवली होती. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या हातात ती सुटली आणि रक्त पाहून तो घाबरला. सासूबाई म्हणाल्या, "आईला कावळा शिवलाय." मीही हो म्हटलं. मुलांसमोर असं बोलू नका, हे त्यांना कसं सांगू? मुलगा आता ठीक आहे, फक्त गच्चीवर कावळ्याला पोळी ठेवायला जात नाही.

उत्तर : सासूबाईंचं राहू द्या. मुलगा ठीक नाहीये! त्यानं रक्त पाहिलं, कावळा ऐकला आणि दोन्हीची सांगड घातली. शिवणं त्याला पकडापकडीतलंच ठाऊक. त्याच्या लेखी कावळ्यानं आईला टोचलंय, म्हणून त्यानं कावळ्याची पोळी बंद केली. तुम्ही 'हो' म्हणालात, तेव्हा खरं सांगायचं कामही तुमचंच. आजच सांगा.

पहिलं वाक्य हेच हवं : "मला कुठेही लागलेलं नाही, कावळ्यानं काही केलेलं नाही." रक्तापासून सुरुवात केलीत तर त्याला जखमच दिसेल. मग सांगा : "मोठ्या बायकांच्या ओटीपोटात मुठीएवढी पिशवी असते, गर्भाशय. तिच्या आत दर महिन्याला मऊ अस्तर तयार होतं. त्याची गरज पडली नाही की ते थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतं. शूच्या जागेमागे वेगळी वाट असते, योनी, तिथून. याला पाळी म्हणतात." 'बाळ आलं नाही म्हणून' असं इथे जोडू नका, या वयाची मुलं लगेच विचारतात, "बाळ मेलं का?" अस्तर कशासाठी, हे त्यानं विचारलं तर सांगा : बाळ वाढणार असेल तर त्याच्यासाठी.

मग एक कोरं पॅड आणि बीट उकडलेलं पाणी घ्या. लहान चमच्यानं दोन चमचे त्यालाच ओतू द्या. एवढ्याशा पाण्याचा डाग केवढा दिसतो ते त्याला कळू दे, वरून बोट लावून बघू दे. चार-पाच दिवसांचं मिळून रक्त साधारण दोन-तीन मोठे चमचेच असतं, हेही तेव्हाच सांगा.

तो उद्या पुन्हा तेच विचारेल. पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगा. पुढच्या महिन्यात पुडी त्याच्यादेखत बांधा, आणि त्याआधी एकदा पोळी घेऊन दोघं गच्चीवर जा.