घड्याळ 13 सेकंद पुढे का?

प्रश्न : मी हौसेने एक छोटा 32-बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय. पीसीतली 8254 ही टायमर चिप 1000 हर्ट्झवर लावलीय, म्हणजे सेकंदाला 1000 इंटरप्ट (प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावणारे इशारे), भाजक 1193. दर इंटरप्टला एक मिलिसेकंद मिळवतो. चवथीच्या सुट्टीत घरचा जुना पीसी एक दिवस-रात्र चालू ठेवला, तर घड्याळ मोबाइलच्या 13 सेकंद पुढे! क्रिस्टल खराब असेल, की इंटरप्ट चुकतायत?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : क्रिस्टलवर खापर फोडू नका. आणि इंटरप्ट चुकले असते तर घड्याळ मागे पडलं असतं. तुमचं पुढे गेलंय, तेही 13 सेकंद. आकडा वाचला आणि चोर सापडला.

या टायमरला 11,93,182 हर्ट्झ मिळतात, म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके. भाजकाइतके ठोके मोजून झाले की तो एक इंटरप्ट देतो. हा विचित्र आकडा 1981च्या आयबीएम पीसीपासूनचा. त्याचा मुख्य क्रिस्टल 14.31818 मेगाहर्ट्झचा, अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा, आणि त्याचा बारावा भाग टायमरकडे जायचा. टीव्हीवाल्यांची ही सोय आपण अजून निस्तरतोय! 1000 ने भागलं की येतात 1193.182. भाजक पूर्णांकच लागतो, म्हणून तुम्ही 1193 घातलात, ते बरोबरच. पण मग टिक, म्हणजे दोन इंटरप्टमधला वेळ, पुरत्या मिलिसेकंदाची राहत नाही, 9,99,848 नॅनोसेकंदांची होते. सेकंदाला 1000.15 टिक पडतात. दिवसाच्या 86,400 सेकंदांत 13 हजारांवर जादा टिक, म्हणजेच तुमचे 13 सेकंद.

तेव्हा भाजक बदलू नका, मिळवायचा आकडा बदला. 64-बिट चलात दर इंटरप्टला 9,99,848 नॅनोसेकंद घाला आणि मिलिसेकंद हवे तेव्हा भागाकार करून काढा. चूक दिवसाला सेकंदाच्या दोन-तीन शतांशांवर येईल.

इथे एक खड्डा आहे. 32-बिट कर्नलमध्ये 64-बिट चल दोन तुकड्यांत वाचला जातो. खालचा तुकडा दर 4.3 सेकंदांनी भरून पुन्हा शून्याकडे जातो. दोन वाचनांच्या मध्ये नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, तर एक तुकडा जुना आणि एक नवा हाती येतो, आणि घड्याळ चार सेकंद इकडे किंवा तिकडे उडी मारतं. असला बग क्वचित दिसतो, आणि दाखवायला जावं तेव्हा हमखास दडी मारतो. वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवा.

यानंतरही दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकले, तर मात्र क्रिस्टलला बोल लावायला हरकत नाही. दहा लाखांत वीसचा फरक म्हणजे दिवसाला 1.7 सेकंद, आणि साध्या क्रिस्टलकडून तेवढं चालतंच. त्यावर उपाय एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवून घेण्याची पद्धत. पण काटा ओढून मागे घेऊ नका, घड्याळाचा वेग किंचित कमी करा. वेळ उलटी गेली की टाइमआउटचे सगळे हिशेब कोसळतात.

प्रश्न : प्रोग्रामला स्लीप (ठरावीक वेळ थांबण्याचा आदेश) एका टिकचा दिला, तर कधी कधी लगेच जाग येते. का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही झोपायला सांगता तेव्हा चालू टिक बरीचशी उलटून गेलेली असते. पुढचा इंटरप्ट लगेच येतो आणि मोजणी संपते. मागितलेल्या टिकमध्ये नेहमी एक जादा मिळवा. थोडी उशिरा जाग आली तर चालतं, लवकर आलेली चालत नाही.