अग्निवीर सरकारला खरंच स्वस्त पडतो का?

प्रश्न: माझा पुतण्या अग्निवीर झालाय, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात. गावात सगळे म्हणतात सरकारने पैसे वाचवायला ही स्कीम काढली. पण पहिल्याच वर्षी ३० हजार पगार, मग वाचलं काय? आणि सैन्याचा खर्च म्हणजे पगार गुणिले जवान, एवढंच ना? – एक वाचक, सातारा

उत्तर: पगारापुरतं बघाल तर फारसं काही वाचत नाही, तुमची शंका रास्त आहे. नेहमीच्या भरतीतल्या नव्या जवानाचं बेसिक २१,७००, वर मिलिटरी सर्व्हिस पे (फक्त सैनिकांना मिळणारी ठरावीक रक्कम) ५,२००, आणि दोन्हीच्या बेरजेवर डीए (महागाई भत्ता), तो जानेवारी २०२५ चा ५५ टक्के धरला तर झाले महिन्याला ४१,६९५. अग्निवीराला डीए नाही की सर्व्हिस पे नाही, ३०,००० मधले ९,००० सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणारे पैसे) कापले जातात, हातात येतात २१,०००, पण तेवढेच ९,००० सरकार पण घालतं म्हणजे सरकारला तो ३९,०००ला पडला. चौथ्या वर्षी तर ४०,००० अधिक सरकारचे १२,०००, म्हणजे ५२,०००, आणि त्याच डीएने नेहमीचा जवान तेव्हा ४५ हजाराच्या आसपास! (बाकीचे भत्ते यात धरलेले नाहीत. सियाचीनला जवानाला महिन्याला ३०,००० जादा मिळतात, त्यामुळे सरळ गुणाकार तसाही चुकतोच.)

खरी गंमत पेन्शनमध्ये आहे. जवान १५ वर्षांनी पेन्शनला पात्र होतो, बरेचजण चाळिशीच्या आगेमागे घरी येतात, पुढे तीसेक वर्षं पेन्शन, मग बायकोला फॅमिली पेन्शन, आणि वन रँक वन पेन्शनमुळे (सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन) दर पाच वर्षांनी ती परत नव्याने ठरते. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण बजेटमध्ये पेन्शनच १.६१ लाख कोटी आहे (यात खात्यातले सिव्हिलियनपण आले), आणि विमानं, जहाजं, तोफा वगैरे नवीन खरेदीसाठी १.४९ लाख कोटी. म्हणजे बघा.

अग्निवीरांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होणार, बाकीच्यांना पेन्शन नाही. वाचणार ते इथे, पण कधी? पहिली बॅच नेहमीसारखी भरती झाली असती तर तिची पेन्शन २०३८ च्या सुमाराला सुरू झाली असती, त्यामुळे आत्ताच्या बजेटमध्ये ही बचत शोधायला गेलात तर सापडणार नाही.

पुतण्याला चार वर्षांनी सेवा निधीचे व्याज सोडून साधारण १०.०४ लाख मिळतील, त्यावर इन्कम टॅक्स नाही.