मिनिएचर मॉडेलिंगसाठी छोटी हत्यारं जादा घेऊन ठेवावीत का?

ठेवावीत, पण सगळी नाही. जी मोडतात, बोथट होतात किंवा सतरंजीत हरवतात तेवढीच. दुसरा पिन वाइस (ड्रिलची बारीक काडी धरून हातानं फिरवायची मूठ), दुसरा कटर, कानशींचा दुसरा संच हा नुसता हौसेचा खर्च.

आमच्या थोरल्या दादांचा आणि माझा याच गोष्टीवरून जुना वाद आहे, म्हणून लिहितोय. आम्ही लातूरचे. महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी मी माळवदाचा वाडा करत होतो, १:२४ प्रमाणात, खांब-तुळया सागवानी पट्ट्यांच्या. खिडकीचा खरा गज साधारण २० मिमी जाड, म्हणजे इथं ०.८ ची तार, आणि दर गजाला वर-खाली ०.८ चं भोक. उद्या महालक्ष्म्या बसायच्या आणि आदल्या संध्याकाळी लाकडाच्या गाठीत ड्रिल मोडलं. दादा शेजारीच मखराला खिळे ठोकत होते. म्हणाले, "हळू धरलं असतं तर मोडलं असतं का? सुई तापव अन् पाड भोकं."

तापल्या सुईनं लाकूड जळतं, भोकाची कड काळी पडते. घरात १ मिमीचं ड्रिल होतं, पण त्या भोकात ०.८ ची तार डुगडुगते. अर्ध्या खिडक्यांचे गज सरळ आणि उरलेल्यांचे झिंगल्यासारखे दिसले असते. डबीतून ०.८ चंच दुसरं काढलं आणि रात्रीतून गज बसवले. हीच डबी बघून दादा एकदा म्हणाले होते, "एक आहे की चांगलं, दुसरं कशाला घ्यायलास?"

जपून वापरलं की मोडत नाही, हे दादांचं म्हणणं खिळ्या-हातोडीला लागू. एवढं बारीक ड्रिल हात किंचित तिरका झाला तरी जातं. म्हणून रोजच्या मापाची चार-पाच ठेवा. दहा मापांचा संच जादाचा म्हणून घेऊ नका. मोडतं ते कामाचंच माप, बाकीची नऊ गंजतात. ११ नंबरची सर्जिकल पाती ठेवा, ३ नंबरच्या मुठीत बसतात. टोकदार चिमटा एक जादा, कारण टोकावर फरशीवर पडला की तो संपला.

हां, ड्रिल हातानं फिरवणार असाल तर एचएसएसचंच (हाय-स्पीड स्टीलचं) घ्या. कार्बाइड कडक पण ठिसूळ, ते स्टँडवरच्या मशीनला ठीक. पावसाळ्यात हत्यारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. आणि तुम्ही प्लास्टिकचे किट जोडत असाल तर ड्रिलपेक्षा पातीच जास्त लागतील.

बाकी दादांच्या कपाटात विहिरीवरच्या मोटरीचे दोन कपॅसिटर कोरे पडलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "ते शेतीचं हाय. ऐन पाण्याच्या पाळीला जळालं तर?"